चुकण्याची मुभा : ‘श्यामची आई’ आणि अकाली पोक्त झालेली मुलं

(रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. प्रश्नोत्तरांपैकी एक प्रश्न शेवटी ठेवला आहे.)



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकजण मला म्हणाले, “सर, ‘श्यामची आई’वर आता बोलायचं काय राहिलंय?” प्रश्न रास्त आहे. या पुस्तकावर आपण इतकं रडलो आहोत की ते नीट वाचायचं राहून गेलं, असं माझं मत आहे. डोळ्यांत पाणी असलं की अक्षरं पुसट दिसतात. आज पाणी जरा बाजूला ठेवून वाचू या. आणि एका विशिष्ट प्रश्नासाठी वाचू या. घरात मूलच आईबाप होतं तेव्हा नेमकं काय घडतं, हा तो प्रश्न.

अशा मुलांसाठी आपल्या भाषेत किती गोड शब्द आहेत पाहा. पोक्त. समंजस. वयाच्या मानाने शहाणी. आईचा उजवा हात. लहानपणीच घर सावरलं हो त्याने. कुणाच्या साठीशांतीला जा, सत्काराला जा, हे वाक्य येणारच. टाळ्याही याच वाक्याला पडतात. मी स्वतः अशा टाळ्या वाजवल्या आहेत, घेतल्याही आहेत. पण हे कौतुक करतं कोण? बहुतेक वेळा, ज्याचं काम त्या मुलामुळे वाचलेलं असतं तो. मुलाला शहाणं म्हटलं की मोठ्याला स्वतःच्या जागेवर परत यायची घाई राहत नाही. जागा भरली गेली ना!

आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको. मुंबईत १८५०च्या दशकात कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं आपली घरं त्या भोंग्यावर चालली. बापे मुंबईत, बायकापोरं गावी. बाप म्हणजे महिन्याची मनिऑर्डर, शिमग्याला आणि गणपतीला येणारा पाहुणा. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. राज्यात सगळ्यांत जास्त. बाहेरचा माणूस हा आकडा ऐकून म्हणतो, वा, इथे मुलींना किती मान आहे! आपल्याला ठाऊक आहे, यात निघून गेलेल्या पुरुषांची गैरहजेरी मोजली आहे. त्या रिकाम्या जागेवर कोण बसलं? बाई बसली, हे खरं. पण तिच्याबरोबर तिचा थोरला मुलगा किंवा थोरली मुलगीही बसली. त्यांची नोंद जनगणनेत होत नाही.

मग १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. पुष्कळ बाप गावी आले ते कायमचेच, पण हात रिकामे घेऊन. तेव्हा उलट झालं. बाप घरात आणि सोळा-सतरा वर्षांचं पोर मुंबईला. म्हणजे बाप नसल्याने मूल बाप होतं तसं बाप खचल्यानेही होतं. माणूस घरात हजर आहे एवढ्याने भागत नाही.

मी त्यातलाच. माझ्याबद्दल फार सांगणार नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढचं मांडता येणार नाही. माझ्या आईला लिहिता येत नव्हतं. वडील मुंबईत. पत्रं मी लिहीत असे, वय नऊ-दहा. आई चुलीपाशी बसून सांगायची, मी उंबऱ्यावर बसून आंतर्देशीय पत्रावर उतरवायचो. आलेलं पत्रही मीच वाचून दाखवायचो. म्हणजे नवराबायकोच्या मधला तार-ऑफिस मी! घरात मीठ किती उरलंय, दुकानदार काय बोलला, वडिलांना अ‍ॅडव्हान्स का मिळाला नाही, सगळं मला ठाऊक. एका पावसाळ्यात आईने कौलांचं सांगितलं, उधारीचं सांगितलं आणि मग जरा थांबून म्हणाली, “लिव त्यांना, माज्यानं आता व्हत नाय. गनपतीला या.” मी कौलांचं लिहिलं, उधारीचं लिहिलं. शेवटचं वाक्य लिहिलं नाही. वडिलांना वाईट वाटेल, असं मला वाटलं. त्याऐवजी लिहिलं, आमची काळजी करू नये.

त्या वर्षी वडील गणपतीला आले नाहीत. खाडा झाला असता, पैसे कापले असते. आणि पत्रात तर काळजीचं काही नव्हतंच. आईने वाट पाहिली. तिला वाटलं, मी बोलावलं तरी हे आले नाहीत. आणि ही गोष्ट मी तिला कधीही सांगितली नाही. ती गेली, वडील गेले. आमच्या पोस्टमनकाकांनी त्याच सुमारास मला म्हटलं होतं, “केवढं पोक्त पोर रे तू!” तो शब्द आजही माझ्या कानाला बोचतो.

यात माझं नक्की काय चुकलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. धंदाच तो आमचा. पत्र लिहिणं हे काम होतं. नऊ वर्षांच्या मुलाने आईचं पत्र लिहावं यात काही बिघडत नाही. अभिमानच वाटतो त्याला. पण कोणाला काय कळावं आणि काय कळू नये, हे मी ठरवलं. ती आईबापांची खुर्ची होती. मला कुणी तिथे मुद्दाम बसवलं नव्हतं, पण तिथून उठवणारंही कुणी नव्हतं. माझी चूक पकडू शकेल असा घरात एकही माणूस नव्हता. आईला वाचता येत नव्हतं आणि वडील दूर.

इथे मला एक कसोटी सापडते, ती तुमच्यापुढे ठेवतो. मूल किती काम करतं, यावरून त्याचं मूलपण गेलं की राहिलं हे ठरत नाही. त्याला चुकायची मुभा आहे का, यावरून ठरतं. मूल म्हणजे ज्याची चूक दुसरा कुणीतरी निस्तरतो ते माणूस. पाणी भरताना कळशी फुटली, ओरडा बसला, रडून झालं, दुसरी कळशी मोठ्यांनी आणली, तर ते मूल आहे, मग ते रोज दहा कळशा का भरेना. आणि ज्या घरात कळशी फुटली तर घरच कोसळेल असं मुलाला वाटतं, तिथे ते मूल उरलेलं नाही. एकही कळशी न उचलता ते म्हातारं झालेलं असू शकतं. बापाचा पाय दारात वाजला की तो आज कसा आलाय हे आवाजावरून ओळखणारी मुलं असतात. आई रडू नये म्हणून विनोद करणारी मुलं असतात. त्यांच्या हाताला घट्टे नसतात.

आपल्या कायद्याचीही इथे अडचण होते. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाने शाळेनंतर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या कामात घरच्यांना मदत करायला त्यात मोकळीक आहे. त्यावर वाद आहेत, त्यांत मी जात नाही. माझा मुद्दा एवढाच की कायदा तास मोजू शकतो, काम मोजू शकतो. रात्री अंथरुणावर पडून उद्याच्या तांदळाचा हिशोब करणारं मूल त्याला मोजता येत नाही. ते साहित्याला दिसावं लागतं. म्हणून मी ‘श्यामची आई’कडे येतो.

साने गुरुजींचा जन्म आपल्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या पालगडला, २४ डिसेंबर १८९९ला. पुस्तक लिहिलं नाशिकच्या तुरुंगात, १९३३च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ या पाच दिवसांत. बेचाळीस रात्रींच्या गोष्टी. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री प्रार्थनेनंतर आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे पुस्तकात दोन श्याम आहेत. एक लहान, ज्याच्यावर गोष्टी घडतात. दुसरा मोठा, जो त्या सांगतो. हे दोन श्याम आपण वाचताना एक करून टाकतो. माझ्या मते सगळा घोटाळा तिथे होतो.

आधी लहान श्याम पाहू. घर खोताचं, पण कर्जाने खचलेलं. एका रात्रीचं नावच, कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक, अशा अर्थाचं आहे. पुढे दवंडीपर्यंत गोष्ट जाते. अशा घरातली आई काय करते? श्यामला काम लावते. भरपूर लावते. पत्रावळ लावायला शिकवते. ‘अर्धनारी नटेश्वर’ या रात्री तर तो घरातली बायकांची मानलेली कामं करतो, आणि मुलग्यालाही ती आली पाहिजेत असा सूर आहे. १९३३ साली हे लिहिणं सोपं नव्हतं. पण काम देताना ही आई आपली जागा सोडत नाही. पोहायच्या भीतीने लपलेल्या श्यामला ती मार देऊन बाहेर काढते. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हटून बसलेल्या श्यामसाठी ती स्वतःचं लुगडं पसरते, आणि मग मनही तसंच जप म्हणून सांगते. हट्ट त्याचा, लुगडं तिचं. लाड करायचे की मार द्यायचा, हे ठरवते ती.

आता लागोपाठच्या दोन रात्री एकमेकींशेजारी ठेवून वाचा. एका रात्रीचं नाव आहे ‘मोठा होण्यासाठी चोरी’. श्याम पुस्तकांसाठी पैसे चोरतो. दुसऱ्या रात्री तो दापोलीला शिकायला असताना खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि पावसापाण्यातून पायी घरी येतो. तेव्हा आई त्याला म्हणते की, तू वयाने मोठा नाहीस, मनाने मोठा आहेस. त्या रात्रीचं नावच ते आहे. सगळे समीक्षक, सगळे शिक्षक दुसऱ्या रात्रीवर थांबतात. धाकट्या भावाचा कोट शिवणारा श्याम म्हणजे लहानगा बापच की! किती गोड! पण कोटाची रात्र चोरीच्या रात्रीनंतर येते, हे कुणी बोलत नाही. ज्या मुलाला चोरी करून पकडलं जायची सोय होती, ज्याला ‘चूक झाली’ म्हणून आईपुढे उभं राहता आलं, त्याच मुलाने पुढे कोट शिवला. त्याच्या देण्यात धाक नव्हता. आणि आईचं वाक्यही नीट ऐका. ती आधी काय म्हणते? वयाने मोठा नाहीस. पोक्त झालास असं ती म्हणत नाही. मनाचं कौतुक करते, पण वय त्याच्या हातातून काढून घेत नाही. मला तर हे सगळ्या पुस्तकातलं सगळ्यांत शहाणं वाक्य वाटतं, आणि त्यातला पहिला अर्धा भाग आपण ऐकतच नाही.

आता मोठा श्याम. तो काय करतो? लहान श्यामच्या प्रत्येक चुकीवर पश्चात्ताप करतो. मी किती वाईट, मी आईला किती छळलं, असा त्याचा सूर. आईने जे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माफ करून टाकलं होतं, ते हा मोठा श्याम वीस-पंचवीस वर्षांनंतरही माफ करत नाही. आईने दिलेली चुकायची मुभा त्याने मागाहून परत घेतली आहे. आणि आपण शिकलो कुणाकडून? आईकडून नाही, या सांगणाऱ्या श्यामकडून. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी चित्रपट काढला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. वनमालाबाईंची आई घराघरांत गेली. शाळाशाळांतून पोरांना रांगेने बसवून तो दाखवला गेला. दाखवून झाल्यावर शिक्षक काय सांगायचे? आईला त्रास देऊ नका. म्हणजे आईने ज्याला पोरपणाची जागा राखून दिली, त्याच्या गोष्टीवरून आपण पोरांना काय शिकवलं, तर पोरपण हा आईवरचा अपराध आहे! पुस्तकाचं वाचन असं उलटं झालं. यात दोष थोडा पुस्तकाचाही आहे. सांगणाऱ्या श्यामला थांबवणारं, “अरे, तू लहान होतास तेव्हा,” असं म्हणणारं त्या आश्रमात कुणी नाही. श्रोते सगळे डोळे पुसतात. एखादा जरी तसं म्हणाला असता तर पुस्तक अधिक मोठं झालं असतं, असं मी नम्रपणे म्हणतो.

इथे कुणी म्हणेल, सर, हे तुमचं परदेशी मानसशास्त्र झालं. आमच्याकडे गरिबी. आमच्या पोरांना असं बालपण परवडतं का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. मुलांना पालक व्हावं लागणं या विषयावर कुटुंबोपचाराच्या शाखेत गेल्या शतकात पुष्कळ लिहिलं गेलं. साल्वाडोर मिनुचिन हे त्यातलं मोठं नाव, अर्जेंटिनात जन्मलेले, न्यूयॉर्कच्या गरीब घरांबरोबर काम केलेले. ‘फॅमिलीज अँड फॅमिली थेरपी’ या १९७४च्या पुस्तकात ते काय म्हणतात? मोठ्या घरात, एकट्या आईच्या घरात थोरल्या मुलाला काही अधिकार देणं ही स्वाभाविक रचना आहे, त्यात मूल जबाबदार आणि कर्तबगारही होतं. बिघडतं ते केव्हा, तर किती सोपवलंय हे स्पष्ट नसतं तेव्हा, किंवा आईबाप आपली जागाच सोडून देतात तेव्हा. म्हणजे गरिबांच्या घरात बसून विचार केलेला माणूसही गरिबीला दोष देत नाही. आणि श्यामच्या आईकडे तरी काय होतं? तेल होतं तर मीठ नव्हतं. पैसा नसलेल्या बाईला जे जमलं, ते पैशावर अवलंबून असेल कसं?

आणि परदेशीच कशाला, आपल्या उपनिषदात बघा की. कठोपनिषदातला नचिकेता. मी वर्गात हे उपनिषद वर्षानुवर्षं शिकवलं, नेहमी तिसऱ्या वरावर घाईने पोचायचो. मेल्यावर काय उरतं, आत्मा म्हणजे काय, परीक्षेला तेच यायचं. निवृत्त झाल्यावर पहिला वर दिसला. गोष्ट अशी की बाप यज्ञात दान देतोय, पण गाई कशा, तर पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या. मुलाला बापाची लाज वाटते, काळजीही वाटते. तो बापाची सदसद्विवेकबुद्धी व्हायला जातो. “मला कुणाला देणार?” दोनदा, तीनदा विचारतो. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला देतो. आणि पोरगा खरंच जातो! बापाच्या रागातला शब्दसुद्धा खोटा पडू नये म्हणून. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी. यम तीन वर देतो. आता हा एवढा ज्ञानी मुलगा आधी काय मागतो? माझ्या वडिलांचं मन शांत होऊ दे, राग जाऊ दे, आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून माझ्याशी बोलावं. यम म्हणतो, तसंच होईल, ते रात्री सुखाने झोपतील.

साक्षात मृत्यूसमोर उभं राहून मुलाला बापाची चिंता. ही अकाली पोक्त मुलाची खूण आहे. पण त्या मागण्याचा दुसरा अर्धा भाग पाहा. मला ओळखावं. मला पुन्हा मुलाच्या जागी घ्यावं. ब्रह्मविद्या नंतर. आधी घर, आधी आपली जागा. मला वाटतं, जी जी मुलं लवकर मोठी झाली, त्यांचा पहिला वर हाच असतो. ती तो मागत नाहीत, कारण मागणं हे मुलांचं काम, आणि त्यांना तर देण्याची सवय लागलेली असते.

दुसरं उदाहरण आळंदीचं. चार भावंडं, आईबापांनी परंपरेनुसार देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं, गावाने टाकलेलं घर. ज्ञानदेव अपमानाने खचून ताटी लावून बसतात, तेव्हा त्यांना समजावते कोण, तर सगळ्यांत धाकटी मुक्ताबाई. ताटीचे अभंग आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. म्हणूनच ती मुक्ताई झाली, पोर असून आई. चांगदेवासारखा म्हातारा योगी तिचा शिष्य, म्हणजे लेकरूच. पण लोकांनी तिची आणखी एक गोष्ट जपून ठेवली आहे. तिला मांडे करायचे होते. विसोबांनी कुंभाराकडून परळ मिळू दिलं नाही. ती रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवला आणि तिने भावाच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. चमत्कार बाजूला ठेवा, गोष्टीतलं माणूसपण पाहा. ज्या मुलीने भावाची आई व्हायचं, तिलाच मांड्यासाठी रडायचीही जागा आहे. आज ती आई, उद्या तो. आईबाप नसलेल्या घरात आईपण फिरतं राहिलं म्हणून ती चौघं टिकली असावीत. एकाच पाठीवर ते कायमचं पडलं नाही.

आणि इथे मला आपल्या घरांतल्या थोरल्या मुली आठवतात. मुलगा घर सावरतो तेव्हा निदान सत्कार तरी होतो. मुलीचा तोही होत नाही, कारण ती काही विशेष करतेय असं कुणाला वाटतच नाही. कडेवर भाऊ, चुलीवर भात, आणि शाळेच्या दाखल्यावर चौथी. माझी थोरली बहीण अशीच. मी पत्रं लिहू शकलो, कारण धाकट्यांना त्या वेळी ती सांभाळत होती. मी शिकलो, प्राध्यापक झालो. ‘श्यामची आई’मध्ये अक्काच्या लग्नाची एक रात्र आहे. पण अक्काने सांगितलेल्या रात्री मराठीत फार थोड्या आहेत. समीक्षकांनी श्यामच्या मोठ्या मनाची चर्चा केली तेवढी अक्काच्या मनाची केली नाही, आणि त्यात मीही आलो.

शेवटी पुस्तकाच्या शेवटाकडे येतो. आई शेवटच्या आजारात आहे, श्याम दूर शिकतोय. त्याला कळवू नका, असं ती सांगते. उगीच काळजी करील, अभ्यास बुडेल. ती शेवटच्या श्वासापर्यंत त्याला मूल ठेवते. पुस्तकभर तिने जे केलं त्याचंच हे टोक. पण इथे मात्र मला तिच्याशी वाद घालावासा वाटतो. श्याम पोचतो तेव्हा आई राहिलेली नसते, रक्षा असते. मुलाला ओझं न देणं वेगळं आणि मुलाला न सांगणं वेगळं. मी आईचं वाक्य वडिलांना पोचवलं नाही. श्यामच्या आईने स्वतःचं दुखणं श्यामला पोचू दिलं नाही. दोन्हीकडे प्रेमच होतं आणि दोन्हीकडे कुणीतरी वाट पाहत राहिलं किंवा उशिरा पोचलं. मुलाला सांगावं. आई आजारी आहे, पैसे नाहीत, बाबा येणार नाहीत, सगळं त्याच्या वयाच्या शब्दांत सांगावं. आणि त्यापुढे एक वाक्य जोडावं, की यावर काय करायचं ते आम्ही बघतो. ते वाक्य म्हणायला पैसे लागत नाहीत, पण म्हणणाऱ्याला मग खरंच बघावं लागतं.

साने गुरुजी पुढे अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुणं, खोल्या झाडणं, आजारी मुलांची सेवा करणं, हे सगळं ते करत. मुलांची आई झाले, असं त्यांच्याबद्दल आदराने म्हणतात. मीही म्हणतो. थोर माणसाच्या मनाची चिरफाड करायचा मला अधिकार नाही. पण सांगणारा श्याम वाचताना मला वाटत राहतं की, या सगळ्यांच्या आईला कुणी एखाद्या रात्री म्हणायला हवं होतं, “बाळ, झालं ते झालं, तू लहान होतास.”

इथे थांबतो.

प्रश्न (एक शिक्षिका) : सर, माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी आहे. आई कामाला जाते, वडील घरात असून नसल्यासारखे. ती धाकट्या दोघांचं आवरून येते, रोज उशीर. आम्ही येत्या २६ जानेवारीला तिचा सत्कार करायचं ठरवतोय. तुमचं ऐकून मी गोंधळले. करावा की नाही?

उत्तर : बाई, तुमची कळकळ मला समजते. पण करू नका. स्टेजवर तिला शाल दिलीत की उद्यापासून ती थकल्याचं कुणाला सांगू शकणार नाही. शाल परत करावी लागेल ना! तिला उशीर झाला तर वर्गासमोर कारण विचारू नका, कौतुकाने सुद्धा नको. जमलं तर तिच्या आईला एकदा भेटा, दोष द्यायला नव्हे, धाकटी दोघं सकाळचा तासभर शेजारी किंवा अंगणवाडीत राहू शकतात का, एवढं बघायला. आणि तिचा गृहपाठ चुकला, अक्षर बिघडलं, मधल्या सुट्टीत कुणाशी भांडली, तर इतर मुलींना जेवढं रागावता तेवढंच तिलाही रागवा आणि तेवढंच लगेच विसरून जा. तिला घरी कुणी रागवत नसेल. रागावण्याइतकं लहान तिला कुणी मानतच नसेल. शाळेत तरी कुणी मानू द्या.